अन्याय करणे आणि अन्याय सोसणे

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना सॉक्रेटिसच्या खटल्याविषयी एक शंका माझ्या मनात घर करून राहिली होती. तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर तुम्ही मला मुक्त केले, तरी ती अट मी पाळणार नाही, असे हा मनुष्य न्यायालयात ठणकावून सांगतो. तोच मनुष्य पुढे तुरुंगातून पळून जाण्याची संधी चालून आली असता, नगराचा कायदा मोडणे योग्य नव्हे म्हणून ती नाकारतो. एकदा आज्ञेला नकार आणि एकदा आज्ञेपुढे मान तुकवणे! हा विरोधाभास नव्हे काय?

खटल्याची हकीकत थोडक्यात अशी. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्स नगरात सत्तरीच्या सॉक्रेटिसवर मेलेटस, अनितस व लायकॉन या तिघांनी आरोप ठेवले. नगराच्या देवांना तो मानीत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवतो, हे ते आरोप होत. निकाल देणारे सुमारे ५०० जण पेशाने न्यायाधीश नव्हते. चिठ्ठ्या टाकून निवडलेले ते सामान्य नागरिक होते. त्यांना दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. इ. स. पूर्व ४०४ मध्ये अथेन्सने स्पार्टाविरुद्धचे दीर्घ युद्ध गमावले होते. त्यानंतर सत्तेवर आलेल्या ‘तीस जुलमी’ राज्यकर्त्यांनी अनेकांचे प्राण घेतले होते, आणि त्यांचा म्होरक्या क्रिटियस एके काळी सॉक्रेटिसच्या सहवासात वावरलेला होता. अनितस तर त्या जुलमाविरुद्ध उभा राहिलेला लोकशाहीचा पुढारी. भ्यालेल्या आणि दुखावलेल्या समाजाला कुणीतरी दोषी हवा असतो. रस्त्यात, बाजारात प्रश्न विचारीत फिरणारा हा वृद्ध त्यांना सहज सापडला. तरीही, प्लेटोच्या वृत्तांतानुसार, अवघी तीस मते फिरली असती तर तो निर्दोष सुटला असता.

माझ्या शंकेचे उत्तर सॉक्रेटिसच्या पूर्वायुष्यातील दोन प्रसंगांत आहे. इ. स. पूर्व ४०६ मध्ये आर्जिन्युसीच्या नाविक लढाईनंतर, बुडणाऱ्या सैनिकांना वाचवले नाही म्हणून सेनापतींना एकाच मतदानात सरसकट दोषी ठरवण्याचा आग्रह लोकसभेने धरला. तो बेकायदेशीर होता. त्या दिवशी अध्यक्षमंडळात बसलेल्या सॉक्रेटिसने संतप्त जमावाला न जुमानता विरोध केला. सहा सेनापतींना अखेर देहदंड झालाच. पुढे तीस जुलमींनी त्याला व आणखी चौघांना सलामिसच्या लिऑनला ठार मारण्यासाठी पकडून आणण्याचा हुकूम दिला. चौघे गेले, सॉक्रेटिस सरळ घरी निघून गेला.

आज्ञा लोकशाहीची असो वा हुकूमशहांची, तिच्यामुळे आपल्या हातून अन्याय घडणार असेल तर ती पाळायची नाही. पण जिच्यामुळे अन्याय आपल्यावर होतो, तिला उत्तर म्हणून आपण अन्याय करायचा नाही. या एकाच सूत्रात दोन्ही वागणुकी बसतात. म्हणूनच मित्र क्रिटोने पलायनाची सारी सिद्धता केलेली असूनही, ज्या कायद्यांच्या छायेत सत्तर वर्षे काढली ते मोडण्यास सॉक्रेटिसने नकार दिला आणि विषाचा पेला घेतला.

आपल्याला हे सूत्र परके नाही. संत पेत्र व इतर प्रेषितांनी न्यायसभेपुढे माणसांपेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ मानली, फटके सोसले आणि उपदेश चालूच ठेवला. दुसऱ्या शतकातील संत जस्टिनने तर, ख्रिस्ती लोकांवर येतो तोच नास्तिकतेचा आरोप सॉक्रेटिसवरही आला होता, असे आवर्जून लिहिले. देवतांना बळी अर्पण करण्यास नकार दिल्यामुळे इ. स. १६५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिनचाही शिरच्छेद झाला.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी नवऱ्याचा मार खाणारी एक भगिनी माझ्याकडे आली असता, सॉक्रेटिसचे नव्हे, पण त्याच अर्थाचे शब्द मी तिला ऐकवले होते : सहन कर, देव पाहतो आहे. तो सल्ला चुकीचा होता, हे आज मी जाणतो. सॉक्रेटिसने मुकाट्याने काही सोसले नाही. भर न्यायालयात त्याने आपली बाजू मांडली, आरोपकर्त्याला उलट प्रश्न विचारले, अन्यायाला अन्याय म्हटले. आणि सोसण्याचा निर्णय त्याने स्वतःपुरता, स्वतः घेतला. तो निर्णय दुसऱ्याच्या वतीने घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. धर्मगुरूला तर नाहीच. मार चुकवून घराबाहेर पडणारी स्त्री कुणावरही अन्याय करीत नसते. तिला परत पाठवणारा मात्र त्या अन्यायात भागीदार होतो.

सॉक्रेटिस घरी गेला, तरी लिऑन वाचला नाही. आपले हात स्वच्छ ठेवणे ही नीतीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. परंतु त्या पहिल्या पायरीवरही पाच जणांपैकी एकच उभा राहिला. वाचकहो, उरलेले चौघे दुष्ट होते असे इतिहास सांगत नाही. त्यांना फक्त हुकूम मिळाला होता. असा हुकूम कधी वरिष्ठांकडून येतो, कधी नातलगांकडून, कधी गावाच्या मतातून येतो. तो आपल्या दारी येईल तेव्हा आपण कुठल्या वाटेने निघू, याचा विचार आजच केलेला बरा.