कुशावर्तातलं पाणी कुठलं?

त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडावर पहाटेपासून वर्दळ असते. दगडी पायऱ्या उतरायच्या, नाक धरून बुडी मारायची, ओंजळीने अर्घ्य द्यायचं. गौतम ऋषींची कथा इथल्या पोरासोरांनाही पाठ असते. गोहत्येच्या पातकातून सुटण्यासाठी त्यांनी ब्रह्मगिरीवर तप केलं, शंकराच्या जटेतून गंगा उतरली, पण एका जागी ठरेना. इथे दिसे, तिथे गुप्त होई. शेवटी ऋषींनी दर्भाचं कडं घालून तिला अडवलं, तेच हे कुंड.

कथा रचणाऱ्याला पाण्याचा स्वभाव पक्का ठाऊक होता. ते थांबत नाही. मग कुंडात आज असलेलं पाणी काल नव्हतं आणि उद्या नसेल, तर तीर्थ नेमकं कशाला म्हणायचं?

आधी हे पाणी येतं कुठून ते पाहू. पावसाळ्यातले वारे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून, हिंदी महासागरावरून निघतात. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळतात, अरबी समुद्र ओलांडताना बाष्प गोळा करतात आणि सह्याद्रीला धडकून वर चढतात. वरच्या गारव्यात ढग दाटतात, पाऊस कोसळतो. ब्रह्मगिरीच्या पूर्व अंगाला पडलेलं पाणी गोदावरीतून सुमारे 1,465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतं. त्याच डोंगररांगेच्या पश्चिम उतारावरचं वैतरणेत जातं. त्यातलं काही धरणांत अडून मुंबईच्या नळाला येतं, उरलेलं अरबी समुद्रात परततं. ढग तोच. एका उतारावर त्याची पूजा होते, दुसऱ्या उतारावरच्या पाण्याला कोणी हात जोडत नाही.

बाष्पाचा हवेतला मुक्काम सरासरी आठ-दहा दिवसांचा, समुद्रातला मात्र काही हजार वर्षांचा. म्हणजे भर आषाढात ओंजळीत आलेलं पाणी पंधरवड्यापूर्वी खारं असणं सहज शक्य आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच सांगतो: पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या नद्या समुद्रातून समुद्रातच जातात आणि तिथे पोचल्यावर ‘मी अमुक नदी’ ही ओळख त्यांना उरत नाही. शंकराचार्य भाष्यात त्याची फोड करतात, की मेघ समुद्राचं पाणी वर उचलतात आणि पावसाच्या रूपाने ते पुन्हा नद्यांत येतं. नदी वाहती राहायला पाऊस पुरतो का, हे मोजून पाहण्याचं काम पुढे पिएर पेरॉने फ्रान्समध्ये सीन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात केलं आणि 1674 मध्ये प्रसिद्ध केलं. पाऊस पुरून उरतो, असं त्याला आढळलं. उपनिषदाचा रोख अर्थात आत्मज्ञानाकडे आहे, जलविज्ञानाकडे नाही. पण दृष्टांत खरा निघाला, ही गोष्ट लहान नाही.

श्रद्धेलाही हे नवं नाही. घरी बादलीतल्या पाण्याने आंघोळ करताना गंगा, यमुना, गोदावरी, नर्मदा, सिंधू, कावेरी अशा साऱ्या नद्यांना आवाहन करायची रीत आहेच. सगळं पाणी एकमेकांशी बांधलेलं आहे, हे गृहीत धरल्याशिवाय त्या आवाहनाला अर्थ राहत नाही.

अडचण शुद्धीच्या कल्पनेत आहे. वाहतं पाणी निर्मळ, असं आपण म्हणतो. पण नदी घाण संपवून टाकत नाही. थोडी घाण जिवाणू पचवतात, बाकीची ती पुढच्या गावाला नेऊन देते. पाणी खरोखर निवळतं ते वाफ होताना, कारण मीठ, साबण आणि विरघळलेले धातू मागेच राहतात. म्हणजे नवं पाणी ढगांतून येत राहील, पण नाशिकने नदीत सोडलेलं सांडपाणी खालच्या जायकवाडी धरणाच्या वाटेला लागेल. ‘गंगामाई सगळं पोटात घेते’ हे वाक्य इथे भक्तीचं राहत नाही, बेफिकिरीचं होतं. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकायला, थुंकायलाही मनाई आहे. तीर्थाचा महिमा सांगताना हा नियम तितक्याच ठासून सांगितला जात नाही, ही खंत आहे.

तीर्थ कुंडापुरतं नसतं. पाणी आणून देणारा पाऊस, तो मुरवणारी ब्रह्मगिरीची झाडी आणि माती, खालची नदी हे सगळं मिळून तीर्थ होतं. 2016 च्या उन्हाळ्यात नाशिकचं रामकुंड कोरडं पडलं, तेव्हा भाविकांची श्रद्धा तिळमात्र कमी झाली नव्हती, पाणी नव्हतं. येत्या सिंहस्थ कुंभमेळ्यात गोदेत बुडी मारणाऱ्या प्रत्येकाने घाटावरच्या गुरुजींना, नगरसेवकाला आणि स्वतःलाही एवढं विचारावं: ब्रह्मगिरीचा उतार कोण पोखरतंय आणि शहराचा मैला कुठे जातोय?