काळ्या चबुतऱ्याची साक्ष



हाबेलाचे रक्त भूमीतून देवाकडे ओरडत होते, हे आपण उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात वाचतो. तशी भूमी आपल्या मराठवाड्यातही आहे. छत्रपती संभाजीनगरास बाजाराला किंवा दवाखान्यास जाताना क्रांती चौक आपणांस लागतो. त्या ठिकाणास पूर्वी काळा चबुतरा म्हणत.

सन १८५७ च्या जून महिन्यात ह्या शहराच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्याचे स्वार होते. सैन्य निजामाच्या नावाचे, परंतु हुकूम इंग्रज अंमलदारांचा. आपणांस दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेणार, अशी वार्ता पसरली. तेव्हा दक्षिण सोडून जाण्यास पुष्कळांनी नकार दिला. मग पुण्याकडून जनरल वुडबर्न तोफा घेऊन आले. कॅप्टन अ‍ॅबट ह्यांजवर गोळी झाडल्याच्या आरोपावरून दफेदार मीर फिदा अली ह्यांस तातडीच्या लष्करी न्यायासनापुढे उभे केले व फाशी दिले. पुढे आणखी कित्येकांस गोळ्या घातल्या, कित्येकांस तोफेच्या तोंडी दिले.

आता शेजारी आपणांस विचारतात, “तो न्याय करणारे तुमच्याच धर्माचे ना?” आम्ही काय उत्तर द्यावे? बंधूंनो, लपवू नये. होय, ते ख्रिस्ताचे नाव सांगणारे होते. परंतु आपला प्रभू त्या दिवशी कोठे उभा होता, हे पाहा. त्यालाही रातोरात धरून नेले, घाईने चौकशी केली, आणि परक्या सुभेदाराच्या हुकुमाने सकाळीच वधस्तंभाकडे चालविले. असा प्रभू तोफेच्या मागे उभा राहील काय? तोफ म्हणजे वधस्तंभ नव्हे. ज्याने ह्या दोहोंत भेद केला नाही, त्यास सुवार्ता कळली नाही.

परंतु इतरांस दोष देऊन आम्ही मोकळे होत नाही. मंडळीत तंटा उठला म्हणजे आरोपीचे म्हणणे न ऐकता त्यास पंक्तीतून उठविणारे आम्हीच नव्हे काय? उपदेशक बंधूंनो, बांधाचा वाद असो की घरातला, दोन्ही पक्षांचे ऐकल्यावाचून निकाल देऊ नका. घाईचा निकाल हाही एक काळा चबुतराच होय.

पुढल्या खेपेस त्या चौकातून जाल तेव्हा क्षणभर थांबा, त्या मेलेल्यांचे स्मरण करा, आणि आपले हात निर्दोष राखण्यासाठी देवाजवळ कृपा मागा. आमेन.