पौषातली छाटणी

गुरुबंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांच्या अंगणातला मोगरा आईच्या नाहीतर सासूबाईंच्या हातचा. त्या गेल्यापासून आपण त्याला कात्री लावत नाही. हात धजत नाही हो! मग झुडूप माजतं, आत नुसत्या वाळक्या काटक्या, आणि गुरुवारच्या हाराला फुलं बाजारातून.

मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीवर. पौषात काही दिवस पाणी तोडावं, वाळकं लाकूड बुडातून काढावं, बाकीच्या फांद्या जमिनीपासून फूट-दीड फूट ठेवाव्यात. मग शेणखत आणि पाणी.

त्यांची आठवण जुन्या लाकडात धरून बसायची, आणि त्यांनी ज्या देवासाठी झाड लावलं त्यालाच उपाशी ठेवायचं? ही आसक्ती झाली, भक्ती नव्हे.

पौष सरत आलाय. कात्रीला आधी धार लावून घेऊ. कापताना डोळे भरून आले, तर येऊ देत.