‘उफ’ आणि ‘काही नाही’

वृद्ध माता-पित्यांना ‘उफ’ देखील म्हणू नये, ही कुरआनची आज्ञा (सूरह बनी इस्राईल, आयत २३) आपल्या घरांत मुलांना लहानपणीच सांगितली जाते. तेथे वार्धक्याचा स्पष्ट उल्लेख आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आईवडिलांची गात्रे थकतात तेव्हाच संततीच्या सद्‌वर्तनाची खरी कसोटी लागते.

थकलेल्या कानाचेच पाहा. आतल्या कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. वय, गोंगाट वा आजार यांमुळे त्या नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. वार्धक्यात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरपतात, म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. आवाज येतो, पण शब्द उमगत नाही. अशा माणसाला ‘हवे तेवढे बरोबर ऐकू येते’ असा टोमणा मारणे हा अन्याय होय. अनेकांना कर्णनादही जडतो. बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात शिटी किंवा रातकिड्यांसारखी किरकिर चालू राहते. शांततेत ती अधिकच जाणवते. तहज्जुदच्या वेळी सारे घर निवांत असते, तेव्हाही त्या जिवाला निवांतपणा नसतो.

दस्तरखानावर सगळे हसतात. आजी विचारतात, “काय झालं?” उत्तर मिळते, “काही नाही, जाऊ द्या.” हे ‘उफ’ ठरते काय? कोणी म्हणेल, यात त्रागा नाही आणि गोष्टही क्षुल्लक होती. परंतु त्याच आयतीत पुढे त्यांच्याशी आदराने बोलण्याचा आदेश आहे. म्हणजे जीभ आवरणे ही आज्ञेची केवळ एक बाजू झाली. बोलणे ही दुसरी. न बोलता ती पाळता येत नाही.

ज्याला ऐकू येत नाही, त्याचेही कर्तव्य आहे. सब्र म्हणजे उपचार नाकारणे नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्यास सांगितले आणि वार्धक्य तेवढे अपवाद ठेवले, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. यावरून काहीजण वयोमानाने आलेल्या बहिरेपणावर उपायच नको, असे मानतात. मात्र वार्धक्य परतवता येत नाही, याचा अर्थ त्याचा भार हलका करू नये असा होत नाही. आपण चष्मा लावून कुरआन वाचतो, काठी टेकीत मस्जिदीत जातो. श्रवणयंत्राची गोष्ट याहून वेगळी नाही; त्याने पुष्कळांचा कर्णनादही सुसह्य होतो. लाजेपोटी यंत्र टाळणे याला सब्र म्हणता येणार नाही. आणि घरच्यांनी वृद्धाला सब्राचा उपदेश करून स्वतः मोकळे होणे, ही तर कर्तव्यातून पळवाट आहे.

करावयाचे ते फार अवघडही नाही. ओरडल्याने शब्द अधिकच विस्कटतात. आवाज संयत ठेवण्याची हजरत लुकमान यांची शिकवण (सूरह लुकमान, आयत १९) येथेही उपयोगी पडते. समोर, उजेडात बसावे, टीव्ही बंद करावा, सावकाश बोलावे. मुसनद अहमदमधील एका हदीसनुसार बहिऱ्याला ऐकवून समजावणे हा सदका आहे.

श्रवणशक्ती आपल्याला कृतज्ञ होण्यासाठी दिली गेली, असे कुरआन सांगतो (सूरह नहल, आयत ७८). ही कृतज्ञता केवळ जिभेने ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हटल्याने पुरी होत नाही. ज्याला एकदा ऐकू आले नाही, त्याच्यासाठी तेच वाक्य कपाळावर आठी न आणता दुसऱ्यांदा उच्चारणे, हाही तिचाच भाग आहे.