रेघ आणि छाप

मुलांशी खोटे बोलू नये, हा नियम आपण सारेच मान्य करतो. परंतु त्यांची स्तुती करताना तो पाळण्याची आवश्यकता आपणांस क्वचितच वाटते. काही दिवसांपूर्वी माझ्या भाचीची दुसऱ्या इयत्तेतील मुलगी शाळेत संगणकावर केलेले एक चित्र मला दाखवावयास घेऊन आली. खाली हिरवेगार गवत, वर इंद्रधनुष्य आणि मध्यभागी अत्यंत सुबक असे फुलपाखरू. "वा! फुलपाखरू किती छान काढलेस!" असे मी सवयीने बोलून गेलो. तिने जराशा आश्चर्याने माझ्याकडे पाहिले व म्हटले, "मामाआजोबा, ते मी नाही काढलं. ते त्यात होतंच." मग कोपऱ्यातील एका वेड्यावाकड्या करड्या आकृतीवर बोट ठेवून ती म्हणाली, "ही मी काढली. शाळेतली मांजर." मी जिची स्तुती केली ती वस्तू तिची नव्हती, जी तिची होती ती मला दिसलीही नव्हती.

मुलांसाठी संगणकावर चित्रे काढण्याची ही साधने आता तशी नवीन राहिलेली नाहीत. अमेरिकेतील क्रेग हिकमन या कलाध्यापकाने मोठ्यांसाठी केलेल्या साधनाशी झगडणारा आपला लहान मुलगा पाहिला आणि त्याच्यासाठी १९८९ मध्ये 'किड पिक्स' रचले. २००२ मध्ये बिल केंड्रिक याने 'टक्स पेंट' निर्माण केले. ते विनामूल्य आहे, अनेक भाषांत, आणि मराठीतही, उपलब्ध आहे. चित्र जपून ठेवताना ते बालकाला नावही विचारीत नाही. त्यात कुंचले आहेत, तसेच प्राणी, झाडे, फळे इत्यादींचे तयार छापही आहेत. अशा साधनाचा उपयोग केवळ चित्रकलेच्या तासाला न करता गणित, भाषा, भूगोल, विज्ञान या सर्व विषयांत करावा, असे अनेक शिक्षक म्हणतात. ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. १९३७ च्या वर्धा योजनेत सर्व विषय हस्तोद्योगाशी जोडून शिकवावे, हेच तत्त्व होते. समवाय हा शब्द त्याच विचाराबरोबर आपल्याकडे रूढ झाला.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, यंत्रामुळे मुलाचा हात मारला जातो. मला हा आक्षेप तितकासा सबळ वाटत नाही. पाटीवरची पेन्सिल हेही एक साधनच होय. आणि छाप ही काही संगणकाने आणलेली आपत्ती नव्हे. छिद्रांच्या छापाने दारात रांगोळी उमटविणाऱ्या गृहिणीला आपण कधी दोष दिला नाही. ज्या घरी सकाळची घाई आहे, तेथे तो छाप सोयीचाच आहे. मात्र ती गृहिणी छापाची रांगोळी हाताची म्हणून सांगत नाही. प्रश्न साधनाचा नसून, आपण कशाला 'माझे' म्हणतो याचा आहे.

म्हणून छाप कोठे योग्य व कोठे अयोग्य याचा विवेक केला पाहिजे. तीन आणि चार मिळून सात होतात हे दाखविण्यासाठी मुलाने सात आंबे रेखाटीत बसावे, असे म्हणणे हा निव्वळ जुलूम होय. तेथे आंब्यांचे छाप उमटवून ते मोजणे हेच उत्तम, कारण शिकावयाची ती संख्या, आंबा नव्हे. परंतु विज्ञानाच्या पाठात फुलपाखरू पाहावयाचे असेल, तर तेथे छाप हा चोरीचा माल आहे. पंख किती, पाय कोठून फुटतात, मिशा कशा आहेत, हे रेघ काढताना डोळ्यांना विचारावेच लागते. छाप उमटविणाऱ्याला यांपैकी काहीच विचारावे लागत नाही. टक्स पेंटमधील गवताचे उदाहरण घ्या. ते पडद्याच्या खालच्या भागी मोठे व वरच्या भागी लहान उमटते, त्यामुळे दूर-जवळचा भास आपोआप होतो. हे पाहून "असे का?" असा प्रश्न शिक्षकाने विचारला, तर तो एक धडा आहे, न विचारला, तर मैदानात उभे राहून जे पाहावयाचे ते मुलाला न पाहताच मिळाले असे होते. जे शिकावयाचे आहे तेवढे तरी मुलाचे स्वतःचे असावे. बाकीचे उसने घेतले तरी चालेल.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. या साधनात एक कळ दाबली की चूक नाहीशी होते. आयुष्यात अशी कळ नाही. मग मुलांना ही खोटी सवय का लावावी? माझे मत असे की, चुकीचे भय हे लहानपणी चुकीपेक्षाही अधिक घातक असते. कागद वाया जाईल म्हणून बिचकणारे मूल येथे निर्धास्तपणे दहा वेळा रेघ ओढते, हा लाभ मोठा आहे. तथापि पुसलेली प्रत्येक रेघ मागमूस न ठेवता जाते, हेही खरे. कुत्रा काढता काढता शेळी झाली, तर ती शेळी क्षणभर पाहून हसण्याइतका तरी अवकाश शिक्षकाने वर्गात ठेवला पाहिजे.

सारांश, हे साधन शाळेत असावे की नसावे, हा खरा वाद नाही. त्यासमोर बसलेल्या मुलाकडे आपण कसे पाहतो, हा आहे. भिंतीवर टांगावयास सुबक चित्रे हवीत, पालकसभेत ती शोभून दिसावीत, असा आमचा आग्रह असेल, तर मुले छापच उमटवितील. आणि कालांतराने, आपण काय केले व आपणांस काय आयते मिळाले, यांतील भेद सांगण्याचीही त्यांना गरज वाटेनाशी होईल. त्या मुलीला तो भेद अजून स्वच्छ ठाऊक होता. तो पुसण्याचे काम यंत्राने केले नव्हते. माझ्या सवयीच्या स्तुतीने ते आरंभिले होते.

मग मी तिला त्या मांजरीविषयी विचारले. शेपूट एवढे आखूड का, या माझ्या प्रश्नाला तिने तत्काळ उत्तर दिले: ती मांजर खरोखरच तशी आहे.