हात कोरडे, पाठ ओली

तळहातांना सतत घाम येणे हा आजार आहे, हे आपल्याकडे अजून सहज मान्य होत नाही. मुलगा घाबरट आहे, हिला टेन्शन फार, असे म्हणून घरचेच विषय संपवतात. हा त्रास बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, अनेकदा एकाच घरात दोघातिघांना असतो आणि माणूस झोपला की थांबतो. घाबरटपणाशी त्याचा संबंध लावणे म्हणूनच अन्यायाचे आहे. उत्तरपत्रिका भिजते, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही, पाहण्याच्या कार्यक्रमात हात लपवावे लागतात. मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांचा जीव ज्या भरतीत अडकलेला असतो, त्या सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत तळहातांचा अतिघाम अपात्र ठरवू शकतो. कळंबमधला एखादा तरुण मोबाईलवर कायमच्या सुटकेची जाहिरात पाहून पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलचा पत्ता शोधू लागला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. प्रश्न त्याने तिथे जावे की नाही हा नसून, तिथे त्याला काय सांगितले जाईल आणि कधी सांगितले जाईल, हा आहे.

ही कायमची सुटका म्हणजे एक ऑपरेशन, आणि ते दुर्बिणीचे असते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, बरगड्यांच्या मुळांवरून घामाचे संदेश नेणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंची एक साखळी खाली उतरते. पूर्ण भूल देऊन, काखेजवळ छोटी छिद्रे पाडून, फुप्फुस थोडा वेळ बाजूला सारून ही साखळी तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीपाशी कापतात, जाळतात किंवा तिला क्लिप लावतात. तळहात टेबलावरच कोरडे आणि उबदार होतात. इतका तत्काळ आणि इतका ठळक परिणाम वैद्यकशास्त्रात फार थोड्या उपायांचा दिसतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण हात कोरडे झालेल्यांपैकी अनेकांना नंतर पाठ, पोट, कंबर आणि मांड्या यांना पूर्वी कधी येत नव्हता इतका घाम येऊ लागतो. त्याला भरपाईचा घाम म्हणतात. तो किती जणांना होतो याचे आकडे निरनिराळ्या अभ्यासांत फार वेगवेगळे येतात, कारण नुसता दमटपणा मोजायचा की दिवसातून दोनतीनदा कपडे बदलावे लागणे मोजायचे, हे प्रत्येकाने आपापले ठरवले आहे. बहुतेकांना तो सोसण्याजोगा असतो. काहींना मात्र तो मूळ दुखण्यापेक्षा जड जातो. छातीत हवा साठणे, बरगडीत कळा येणे, नाडी मंदावणे, जेवताना चेहऱ्याला घाम फुटणे, कापण्याची जागा वर सरकली तर एका डोळ्याची पापणी खाली उतरणे, ही आणखी काही संकटे. त्यातली गंभीर संकटे विरळ आहेत. क्लिप काढली की सगळे पूर्ववत होते असे पुष्कळदा सांगितले जाते. त्यावर विसंबून निर्णय घेण्याइतका भक्कम पुरावा नाही. कापलेली साखळी जोडण्याच्या प्रयत्नांनाही खात्रीचे यश आलेले नाही.

माझा मुद्दा इथे आहे. रक्तस्राव किंवा पापणी उतरणे हे अपघात आहेत. ते होऊ नयेत म्हणून सर्जन झटतो आणि बहुतेकदा होतही नाहीत. भरपाईचा घाम अपघात नव्हे. ऑपरेशन उत्तम झाले तरी तो येतो. तो या व्यवहाराचाच भाग आहे: हाताचा घाम द्यायचा आणि पाठीचा घ्यायचा, किती ते आधी कळणार नाही. संमतीच्या फॉर्मवर तो दहाव्या ओळीत, विरळ गुंतागुंतींच्या रांगेत छापला, की कायद्याचा कागद पुरा होतो आणि रुग्णाची मात्र दिशाभूल होते. अमेरिकेतल्या छातीच्या सर्जनांच्या संघटनेने 2011 मध्ये तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध केले, त्यातही हाच व्यवहार दिसतो. साखळी वरच्या पातळीवर तोडली तर हात अधिक कोरडे होतात. चौथ्या बरगडीपाशी तोडली तर ते किंचित दमट राहतात, पण भरपाईचा घाम कमी होण्याची शक्यता असते. म्हणजे किती कोरडेपणासाठी किती किंमत मोजायची, ही निवड आहे. ती रुग्णाने करायची, भूल चढल्यावर त्याच्या वतीने कुणी नव्हे.

आणि ही किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. हा घाम उन्हाने आणि श्रमाने वाढतो. एसी कार्यालयात बसणाऱ्याला पाठीचा ओलावा शर्टाच्या आत झाकता येतो. मांजरा नदीकाठच्या शिवारात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तिथे काम करणाऱ्याचे काय? साखळी तोडल्यावर हातांबरोबर छातीच्या वरच्या भागाचा, काहींच्या बाबतीत चेहऱ्याचाही घाम आटतो. शरीर थंड ठेवण्याचे काम मग उरलेल्या त्वचेवर येऊन पडते. यश मोजताना हात पाहिले जातात, जगायचे असते ते सगळ्या शरीरानिशी. थंड देशांतल्या रुग्णांचे समाधान कळंबच्या उन्हाळ्यासाठी जसेच्या तसे उचलता येत नाही, असे मला वाटते ते यामुळेच.

सुटकेच्या घाईत शरीराची कायमची देवाणघेवाण कशी होते, हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. कळंब ओलांडले की बीड जिल्हा लागतो. तिथल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण 2019 मध्ये गाजले, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर 82,309 महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. जवळपास सहांतली एक. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार, आणि ऑपरेशन म्हणजे कटकट संपली असे सगळेच सांगणार. कंबरदुखी, अकाली पाळी जाणे आणि हाडांचा ठिसूळपणा यांविषयी आधी बोलायला कुणाला सवड नव्हती. घामाचे ऑपरेशन त्या प्रमाणावर होत नाही आणि त्यात तसा बाजारही दिसत नाही, म्हणून दोन्हींना एका तराजूत घालणे चूक ठरेल. साम्य एवढेच की दोन्हीकडे त्रास जीवघेणा नसतो, उपाय परतीचा नसतो, आणि निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यावर रोजगाराची टांगती तलवार असते. भरतीसाठी ऑपरेशन करू पाहणाऱ्या मुलाला तर हेही कळले पाहिजे, की छातीत दुर्बीण घालून नस तोडल्याची नोंदसुद्धा वैद्यकीय मंडळापुढे प्रश्न उभा करू शकते.

यावर सर्जन म्हणतील, आमचे बहुसंख्य रुग्ण समाधानी आहेत. ते खरे आहे. अनेक अभ्यासांत समाधानाचे प्रमाण चांगलेच उंच आहे. पण बहुसंख्यांच्या समाधानाने उरलेल्या थोड्यांना काही परत मिळत नाही, आणि आपण त्या थोड्यांत असू का, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ज्याचे हात कोरडे आहेत त्याने घाम सोसणाऱ्याला सबुरी शिकवू नये. मान्य. सगळे समजून, पारखून कुणी हे ऑपरेशन करून घेतले तर तो त्याचा शहाणा निर्णय असू शकतो. तिसरा आक्षेप मात्र मला अजिबात मान्य नाही, तो म्हणजे खेड्यातल्या माणसाला हे समजत नाही, तो म्हणतो, डॉक्टरसाहेब तुम्हीच ठरवा. हाताचा घाम पाठीवर जाईल आणि परत आणता येणार नाही, हे वाक्य कुठल्याही माणसाला समजते. ते उच्चारायला लागणारा वेळ ओपीडीत सापडत नाही, ही अडचण डॉक्टरची आहे.

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात 2008 मध्ये सांगितले, की संमती खरी ठरायची तर उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे आणि मोठे धोके यांबरोबर दुसरे पर्यायही रुग्णाला कळले पाहिजेत. तो खटलाही रुग्ण भुलीखाली असताना तिचे गर्भाशय काढल्याचाच होता. घामाच्या बाबतीत पर्याय भरपूर आहेत. आधी थायरॉइडसारखे कारण नाही ना, हे तपासायचे. मग अॅल्युमिनियम क्लोराइडचे औषध, पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देण्याची पद्धत, ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या, बोटॉक्सची इंजेक्शने. प्रत्येकाचे दोष आहेत: कशाने कातडी चुरचुरते, कशाने तोंड कोरडे पडते, काही उपाय पुन्हा पुन्हा करावे लागतात, काही महाग आहेत. पण हे सगळे थांबवता येतात. जे थांबवता येते ते आधी, जे परत फिरवता येत नाही ते शेवटी, हा क्रम पाळणे हे डॉक्टरचे नैतिक कर्तव्य आहे. त्यासाठी पुण्याला जाण्याआधी जवळच्या अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग गाठता येतो. वयाचाही प्रश्न आहेच. तैवानच्या आरोग्य खात्याने 2004 मध्ये 20 वर्षांखालील मुलांवर या ऑपरेशनला बंदी घातली. आपल्याकडे सतरा वर्षांच्या मुलासाठी वडील सही करतात, आणि ती पाठ पुढची पन्नास वर्षे त्या मुलाला वागवायची असते.

ही सही ऑपरेशनच्या सकाळी, उपाशी पोटी, स्ट्रेचरशेजारी घेतली जाऊ नये. कागद मराठीत असावा, रुग्णाने तो घरी न्यावा, आणि हे ऑपरेशन दोनतीन वर्षांपूर्वी झालेल्या व आपणहून तयार असलेल्या एखाद्याशी त्याचे बोलणे करून द्यावे. हॉस्पिटलनेही टाके काढले की फाइल बंद न करता, दुसऱ्या उन्हाळ्यात प्रत्येक रुग्णाला फोन करून विचारावे: हात कसे आहेत, पाठ कशी आहे, काम कोणते करता, पुन्हा संधी मिळाली तर हेच कराल का. ती उत्तरे पुढच्या रुग्णाला सही करण्याआधी वाचायला द्यावीत.