आणखी एक वर्ष

मळ्याची भाषा वारकऱ्याला नवी नाही. अरणच्या सावतोबांची वारी वाफ्यातच झाली, आणि पांडुरंग त्यांच्या भेटीला मळ्यात आला, हे आपण कीर्तनात ऐकत आलो. म्हणून येशू ख्रिस्ताने सांगितलेली एका माळ्याची गोष्ट वाचली तेव्हा ती परक्या घरची वाटली नाही. लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात ती आहे.

एकाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड होते. धनी तीन वर्षे फळ शोधायला आला, फळ नाही. तो माळ्याला म्हणाला, तोडून टाक, जागा कशाला अडवायची? माळी म्हणाला, धनी, एवढे वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. फळ आले तर बरेच. नाही आले तर तुम्ही तोडा.

प्रवचनात धन्याला कठोर ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. सासवडकडच्या अंजीरवाल्या शेतकऱ्याला विचारून पाहा. लागणीनंतर दोन-तीन वर्षांत झाडाने फळ दाखवायला हवे. वांझ झाड पाणी पिते, खत खाते, शेजारच्या वेलीचा घास घेते. घरात एकजण काही न करता बसून खात असेल, तर त्याच्या वाट्याचे कष्ट कुणाच्या तरी पाठीवर पडतात. बहुतेक वेळा आईच्या किंवा बायकोच्या. त्यांनी ‘आता पुरे’ म्हटले, तर त्यांना निर्दय म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

मग माळी कुठे वेगळा? झाड गुणी आहे असे तो म्हणत नाही, पुढच्या वर्षी फळ येईलच असे वचनही देत नाही. धन्याचा हिशेब त्याने खोडला नाही; त्यात स्वतःची मेहनत घातली. खणणार तो, शेणखताची पाटी वाहणार तो. दुसऱ्याच्या खर्चाने क्षमा मागणे सोपे असते. गावच्या बैठकीत ‘जाऊ द्या, सांभाळून घ्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि सांभाळायचे मात्र त्या सुनेने असते. असा मध्यस्थ कुदळ हातात घेत नाही. माळ्याने घेतली, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

आणखी एक बारकावा आहे. धन्याने माळ्याला सांगितले होते, ‘तू तोड’. माळी उलट म्हणतो, ‘तुम्ही तोडा’. मुदत त्याला मान्य आहे, पण कुऱ्हाड उचलण्याचे काम तो आपल्याकडे घेत नाही.

खणणे-खत घालणे ऐकायला गोड लागते, झाडाला तसे नसावे. अंजिराचा बहार धरताना आधी पाणी तोडून ताण देतात, मग छाटणी, मग मुळांजवळची माती हलवून खत. आपल्या द्राक्षबागेत तर वर्षातून दोनदा कात्री चालते, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. योहानाच्या शुभवर्तमानातही येशू बापाला माळी म्हणतो: फळ देणाऱ्या फांदीलाही तो छाटतो. ज्याच्यावर आपण माया करतो त्याच्या मुळांशी कधी कुदळ लावावी लागते, हे मात्र आपल्याला नको असते. व्यसनी मुलाला गुपचूप पैसे देणे म्हणजे खत नव्हे. त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बाकावर बसणे, तो रागावला तरी पुन्हा जाणे, हे खणणे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पुढे ख्रिस्तभक्तीचे अभंग लिहिले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानत. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. या माळ्याशी त्यांचे सहज जमले असावे.

साधक ही गोष्ट स्वतःला लावतो तेव्हा पंचाईत होते. माळकरी म्हणून वीस वर्षे झाली, हरिपाठ चुकत नाही, आणि रागाला फळ म्हणावे असे काही आलेले नाही. तेव्हा आपल्याला ‘आणखी एक वर्ष’ फार आवडते, आणि ते दर वर्षी आवडते. पण माळ्याने वर्ष एकच मागितले होते, आणि त्या वर्षाचे काम आधीच सांगितले होते.

पुढच्या हंगामात काय झाले, हे ऐकणारा विचारतोच. येशूने ते सांगितलेले नाही. झाड उभे आहे, माळी वाकलेला आहे, आणि बुंध्याभोवतीची माती नुकती उकरलेली आहे.